मासा तोलायचा काटा घेताना आणि वापरताना या चुका टाळा

काट्यावर ठळक अक्षरांत ‘५० किलो’ लिहिलेलं दिसलं की बरेच जण तिथेच भुलतात. गळाला लागणारे मासे असतात दीड-दोन किलोचे. स्प्रिंगच्या काट्यावर दोन रेघांत ५०० ग्रॅमचं अंतर असेल, तर १ किलो ७०० ग्रॅमचा मासा दीड की दोन, हे निव्वळ अंदाजानं ठरतं. आपला नेहमीचा मासा काट्याच्या मधल्या पट्ट्यात तोलला जावा, या हिशेबानं काटा निवडा. १ ते ४ किलोच्या माशांना ६ ते १० किलोचा काटा पुरे.

डिजिटल काट्यातली फसगत वेगळी. पडद्यावर १० ग्रॅमची पायरी दिसते, म्हणून वजनही १० ग्रॅमपर्यंत अचूक असेलच असं नाही. घरी तपासा: रिकामा कॅन अडकवा, टेअर (टांगलेल्या रिकाम्या वस्तूचं वजन वगळणारं बटण) दाबून शून्य करा, मग मापानं एकेक लीटर पाणी ओतत जा. दर लीटरला १ किलो वाढायला हवा. कमी वजनाला बरोबर आणि जास्त वजनाला चुकत असेल, तर तो काटा मोठ्या माशाला उपयोगाचा नाही.

सर्वांत जास्त घोळ मासा ठेवून काट्याला टांगायच्या झोळीमुळे होतो. कोरड्या झोळीचं वजन वजा केलं, तर तिच्यात मुरलेलं पाणी माशाच्या खात्यावर जमा होतं. झोळी आधी भिजवा, निथळू द्या, काट्याला लावा, शून्य करा आणि मगच मासा आत घ्या. भिजलेल्या झोळीनं माशाच्या अंगावरचा चिकट थरही कमी निघतो. मासा परत सोडायचा असेल, तर काट्याचा हूक कल्ल्यांत कधीही घालू नका. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवणंही टाळा, त्याला इजा होते.

आकडे नाचत असतील तर आधी हात तपासा. काटा आडव्या दांड्याला टांगा, मासा शांत होऊ द्या. माशानं हिसका दिला त्याच क्षणी होल्ड लागला (म्हणजे पडद्यावरचा आकडा गोठला), तर वजन फुगलेलं दिसतं. हलत्या नावेतलं वजनही भरवशाचं नाही. आंतरराष्ट्रीय विक्रमांसाठी आयजीएफए (गळाच्या मासेमारीचे विक्रम नोंदवणारी संस्था) मासा जमिनीवरच तोलायला लावते.

क्षमतेबाहेरचं ओझं टांगलं की स्प्रिंग कायमची ताणते आणि काटा रिकामा असतानाही सुई शून्यावर येत नाही. स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणता येते, पण पुढची वजनं चुकतच राहतात. असा काटा बदलाच. सुई नुसती अडकत असेल, तर बहुधा मीठ किंवा गंज असतो: खाऱ्या पाण्यातून आल्यावर हूक आणि कडी गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. डिजिटल काटा आपोआप बंद पडत असेल किंवा आकडा सरकत राहिला, तर आधी बॅटरी बदला आणि बॅटरीच्या कप्प्यात ओल आहे का ते पाहा.