पोरांसोबत अ‍ॅनिमेशन पिक्चर बघताय? मग असं बघा

पिक्चर लावून दिला की दीड तास आपण मोकळे, हे मीपण वर्षानुवर्षं केलंय, त्यामुळे शहाणपण शिकवायला आलो नाहीये. पण हे पिक्चर संपल्यावर घरात शब्द, खेळ, हट्ट असं काय काय मागे सोडून जातात ते बघायला लागलो आणि मजा यायला लागली, तर ते कसं करायचं तेवढं सांगतो.

पहिल्यांदा बघताना गप्प बसा. मधेच थांबवून "बघ, यातून काय शिकलास?" विचारलंत की संपलं, पुढच्या वेळी पोरगं तुम्हाला शेजारी बसू देणार नाही. ते कुठे हसतंय, कुठे उशी तोंडावर घेतंय एवढंच बघा.

खरं काम दुसऱ्या दिवशी, पोरं खेळत असताना. २०१५ चा 'इनसाइड आउट' बघितल्यावर माझी पाच वर्षांची भाची बुटाची लेस बांधायला बसली, गाठ काही जमेना, बूट भिरकावला आणि मग स्वतःच म्हणाली, "मामा, आता लाल काका बटण दाबतोय." मी विचारलं, निळी कुठाय? थोडा विचार करून म्हणाली, "ती मागे बसलीये, तिला रडायचंय." त्या पिक्चरमध्ये एका मुलीच्या डोक्याच्या आत पाच भावना (लाल तो राग, निळी ती उदासी) एका पॅनलवर काम करतात, आणि त्यासाठी पॉल एकमन, डॅकर केल्टनर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. "मी वाईट आहे" ऐवजी "आत्ता राग बटणावर आहे" असं म्हणता येणं, हे त्या पिक्चरने दिलं, आमच्या लेक्चरने नाही. म्हणून पोरांचे असे शब्द पकडा आणि तेच वापरून बोला, सुधारायला जाऊ नका.

दुसरी युक्ती, एकच सीन दोन भाषांत लावा आणि काय बदललं ते शोधायला सांगा. कधीकधी चित्रसुद्धा बदलतं. याच पिक्चरमध्ये त्या मुलीला ब्रोकोली नको असते, पण जपानच्या आवृत्तीत तिथे ढोबळी मिरची आहे, कारण तिथल्या पोरांना ब्रोकोली आवडते म्हणे.

जरा मोठी मुलं असतील तर "ही गोष्ट कोणाची, त्यांना विचारलं का?" हा प्रश्न टाका. 'कोको' यायच्या आधी, २०१३ मध्ये, डिस्नेने मेक्सिकोच्या 'दिया दे लोस मुएर्तोस' (मृतांचा दिवस) या सणाच्या नावाचा ट्रेडमार्क मागितला, कारण पिक्चर त्याच सणावर होता, लोक भडकले, अर्ज मागे घ्यावा लागला. त्यावर कार्टून काढून टर उडवणारे लालो अल्काराज यांनाच नंतर पिक्चरसाठी सल्लागार म्हणून घेतलं. २०१६ मध्ये 'मोआना'मधल्या माउईचा, म्हणजे पॉलिनेशियन लोककथांतल्या अर्धदेवाचा, ड्रेस आला, म्हणजे तपकिरी कातडी आणि त्यावर गोंदण असा अंगावर चढवायचा सूट, तोही ओरड झाल्यावर विक्रीतून काढला. दहा वर्षांच्या पोरांना हे बरोबर कळतं, "दुसऱ्याची कातडी कशी घालायची?" हा प्रश्न त्यांनाच पडतो.

आणि प्रभाव म्हटलं की जे काय फिरतं ते सगळं खरं धरू नका. 'फाइंडिंग निमो' आला आणि लोकांनी निमोच्या जातीचे मासे, म्हणजे क्लाउनफिश, पकडून समुद्र रिकामा केला, हे मीही चार जणांना छातीठोकपणे सांगितलंय. मग २०१९ मध्ये त्याच्या पुढच्या भागावर, 'फाइंडिंग डोरी'वर, एक अभ्यास आला, त्यात पिक्चरनंतर डोरीच्या जातीच्या निळ्या माशाची ऑनलाइन शोधाशोध वाढलेली दिसली, पण अमेरिकेतली त्या माशांची आयात काही तशी वाढली नव्हती. तेव्हा पोराने मासा पाहिजे म्हणून हट्ट धरला तर लगेच काचेची पेटी आणायला पळू नका, दोन-तीन आठवडे नुसते फोटो दाखवा, तोवर बहुतेक त्याला डायनासोर हवा झालेला असतो.