फ्रेंच शिकताना शब्दशः भाषांतर कुठे करायचं, कुठे सोडायचं

फ्रेंच शिकताना शब्दशः भाषांतर करूच नका असं सगळे सांगतात, मला ते अर्धंच पटतं. करा ना, पण फक्त वाक्य आतून कसं जुळलंय ते बघायला, आणि मग आपण मराठीत काय म्हणालो असतो ते खाली लिहा. म्हणजे वहीत दोन ओळी. 'झ व्हिएँ द मांझे' घ्या. पहिली ओळ, 'मी खाण्याहून येतोय'. दुसरी, 'मी आत्ताच जेवलो'. पहिलीमुळे कळतं की नुकतंच झालेलं सांगायला हे लोक 'येणे' वापरतात, मग 'झ व्हिएँ दारिव्हे' म्हणजे आत्ताच पोचलो हे आपोआप जमतं.

खरी गडबड मध्ये इंग्रजी आणल्याने होते. डोक्यात 'आय मिस यू' असलं की तोंडातून 'झ त मांक' जातं, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा, तुला माझी आठवण येते!! बरोबर वाक्य 'त्यू म मांक'. इथे कर्ता 'तू' आहे, 'मी' नाही, साधारण 'तू मला उणा भासतोस' अशी रचना, म्हणजे मराठीतून थेट गेलात तर चुकायला जागाच नाही. 'सा म प्ले' तसंच, ते मला आवडतं, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण 'मला'. 'इल म फो' म्हणजे मला पाहिजे. त्यू आणि व्हू तर आपले तू आणि तुम्हीच (एकाच माणसाला आदराने 'तुम्ही' म्हणणं आपल्याला शिकवावं लागत नाही, इंग्रजीतून शिकणाऱ्याला लागतं). म्हणून प्लीज, मराठी अर्थ लिहा.

भूक, तहान, वय यांना 'असणे' नाही तर 'जवळ असणे' लागतं. 'झे फँ', माझ्याकडे भूक आहे. गरम होत असेल तर 'झे शो', 'झ स्वी शो' नको, त्याचा अर्थ वेगळाच होतो.

वाक्प्रचारांना मात्र पहिली ओळ काही कामाची नाही. 'पोझे अं लापँ' म्हणजे ससा ठेवणे, अर्थ काय तर भेटायची वेळ देऊन न येणं, ते अख्खंच पाठ करायचं. नव्वदसुद्धा, 'कात्र-व्हँ-दिस', 4 गुणिले 20 अधिक 10, दरवेळी हिशोब करत बसलात तर समोरचा पुढे निघून जातो. आणि 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रेंच आणि पहिली ओळ झाका, नुसती मराठी ओळ बघून फ्रेंच बोला. जिथे अडाल तिथेच परत पहिली ओळ उघडायची.