घरचा फौजी रात्री झोपत नसेल तर काय करायचं

कामठीत लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर असल्याने आपल्या नागपुरात रिटायर्ड फौजी गल्लोगल्ली भेटतात, अन् त्यातल्या काही घरांत पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा आजार) असतो पण तिथे त्याला "सायबांचा स्वभावच तापट" म्हणतात. स्वभाव नाही तो. वाईट स्वप्नं, जरा आवाज झाला की दचकणं, गर्दीत भिंतीला पाठ लावूनच बसणं, लग्नकार्य टाळणं, पोरांशी तुटक बोलणं, हे सगळं महिनाभराच्या वर चाललं असेल तर डॉक्टरला दाखवा. कधी कधी हे पोस्टिंग संपल्यावर कित्येक वर्षांनीही वर येतं, म्हणून "कारगिलला तर कितीक वर्ष झाली ना" असं बोलू नका.

आता रात्रीचं. झोपेत ओरडले तर हलवून उठवायचं नाही, तो हात त्यांना शत्रूचा वाटू शकतो अन् दणका वहिनींनाच बसतो. लाइट लावा, पायथ्याशी जरा लांब उभे राहा, नावाने हाक मारा अन् साधं सांगा, "अहो, घरी आहात, कामठीत, मी आहे." जाग आली की पाणी द्या, काय दिसलं ते विचारत बसू नका, सांगावंसं वाटलं तर सांगतील.

दिवाळीत फटाक्यापेक्षा अचानक वाजलेला फटाका त्रास देतो, म्हणून शेजारच्या पोट्ट्यांना म्हणा बाबा, लावायच्या आधी एक आवाज द्या. मारबतच्या मिरवणुकीच्या गर्दीत ओढून नेऊ नका. पोरांनाही सांगून ठेवा की बाबा चिडतात त्यात तुमची चूक नाही, नाहीतर ती मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतात.

कॅन्टीनची रम हा वेगळाच घोळ. घेतली की डोळा लागतो खरा, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते अन् दारू वाढत जाते. लायसन्सची बंदूक घरात असेल (सिक्युरिटीच्या नोकरीमुळे बऱ्याच जणांकडे असते) तर वाईट दिवसांत ती पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करून टाका, याच्यात लाजू नका.

डॉक्टरकडे न्यायचं कसं? "मानसिक" म्हटलं की फौजी उठून जातो, त्यापेक्षा "झोपेचं दाखवू" म्हणा, बहुतेक तयार होतात अन् ते खोटंही नाही. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून सायकियाट्रिस्टचं रेफरल मागा, नसेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) नाहीतर एम्सची ओपीडी आहे. गोळ्यांनी फरक पडतो, पण त्या आठवणींवर तज्ज्ञासोबत हळूहळू काम करायची जी थेरपी असते ती नक्की विचारा, नुसत्या झोपेच्या गोळीवर समाधान मानू नका.

अन् वहिनी, तुम्ही स्वतः 14416 लावा. टेली मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फौजी अन् त्यांच्या घरच्यांसाठी 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) तिचा वेगळा सेलही सुरू झाला. त्यांना न सांगता केला तरी चालतो फोन.