मेक्सिकन पदार्थाचा अस्सलपणा कसा तपासावा

एखादा मेक्सिकन पदार्थ अस्सल आहे का, असा प्रश्न पडला की होय किंवा नाही असे उत्तर शोधण्याआधी तो पदार्थ मेक्सिकोच्या कोणत्या प्रांतातला आहे, हे विचारावे. उत्तरेकडील वाळवंट, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेले मधले पठार, पॅसिफिकचा आणि मेक्सिकोच्या आखाताचा असे दोन किनारे, डोंगराळ वाहाका आणि चुनखडीच्या सपाट भूमीवर वसलेले युकातान यांची हवा, पिके आणि माणसे इतकी निराळी आहेत, की या सगळ्यांना लागू पडेल अशी एकच कसोटी असू शकत नाही. तरीही अस्सलपणाचा प्रश्न निरर्थक आहे असे मी मानत नाही. तो नेमकेपणाने विचारला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळते. त्यासाठी पदार्थात काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे पुढे दिले आहे.

सुरुवात धान्यापासून करावी

ताटात मका आहे की गहू, हे सर्वांत आधी पाहावे. पठारावर आणि दक्षिणेत रोजची टॉर्टिया, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ भाकरी, मक्याची असते, तर सोनोरा, चिवावा आणि न्युएवो लिओन या उत्तरेकडील राज्यांत गव्हाची टॉर्टियाही तितकीच घरची आहे. सोनोराच्या परिसरात 17 व्या शतकाच्या अखेरीस एउसेबियो किनो या जेझुइट धर्मप्रसारकाने गव्हाची लागवड रुजवली. तिथे आजही हातावर ताणून केलेली, जवळजवळ आरपार दिसेल इतकी पातळ आणि परातीएवढी मोठी गव्हाची टॉर्टिया मिळते. गुरांच्या मोठ्या कुरणांमुळे उत्तरेत निखाऱ्यावर भाजलेले गोमांस आणि वाळवून कुटलेले मांस यांना मान आहे, आणि मोंतेरे शहराची ओळख असलेला पदार्थ म्हणजे कोवळ्या करडाचे भाजलेले मांस. त्यामुळे गव्हाच्या टॉर्टियात मांस गुंडाळलेला बुरितो पाहून ‘हे मेक्सिकन नव्हे’ असे म्हणणारा माणूस वाहाकाची मोजपट्टी चिवावाला लावत असतो.

मक्याच्या टॉर्टियाबाबत मात्र माझे मत ठाम आहे. तिच्यावर कोणता मसाला पडला, यापेक्षा तिचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला होता का, हे कितीतरी महत्त्वाचे आहे. या प्रक्रियेतून तयार होणाऱ्या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्याची कडक साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपाने मेक्सिकोचा मका नेला, पण ही रीत नेली नाही. परिणामी ज्या भागांतील गरीब माणसे जवळजवळ मक्यावरच जगू लागली, तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने असंख्य बळी घेतले. एका पाककृतीतील एक पायरी गाळल्याने इतके मोठे दुःख ओढवल्याची उदाहरणे फार थोडी असतील, म्हणून या पायरीला मी सोयीचा विषय समजत नाही.

निश्तामाल घरी करता येतो. 1 किलो वाळलेला, पिठूळ जातीचा मका घ्यावा. गोड मका किंवा लाह्यांचा मका या कामाला चालत नाही. स्टीलच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात सुमारे 3 लिटर पाणी घेऊन त्यात 10 ग्रॅम खाण्यायोग्य विझवलेला चुना विरघळवावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण चुन्याची त्याच्याशी प्रक्रिया होते. मका घालून पाणी अगदी मंद उकळत ठेवावे आणि अर्ध्या ते पाऊण तासाने एक दाणा बोटांत चोळून पाहावा. साल घसरून निघाली, पण आतला भाग अजून टणक असला, की आच बंद करावी आणि मका त्याच पाण्यात 8 ते 12 तास राहू द्यावा. मग तो चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवावा आणि ओलाच बारीक वाटावा. मेक्सिकोत हे काम पिढ्यान्‌पिढ्या मेताते या उतरत्या, तीन पायांच्या दगडी पाट्यावर होत आले आहे. पोसोले या रश्शासाठी हाच मका न वाटता, दाणे फुलून उमलेपर्यंत पुन्हा शिजवतात. इतका खटाटोप शक्य नसेल तर निश्तामाल करून वाळवलेल्या मक्याचे तयार पीठ वापरावे. ते मेक्सिकोतील असंख्य घरांतही वापरले जाते. मक्याचे साधे पीठ मात्र घेऊ नये, कारण त्याची टॉर्टिया दुमडताच तुटते. टॉर्टिया तापलेल्या तव्यावर फुगली, न चिरता दुमडली आणि तिला चुन्याचा मंद, मातकट वास आला, म्हणजे पीठ योग्य आहे.

मिरची, घेवडा आणि पान

धान्यानंतर मिरची पाहावी, कारण मेक्सिकोत मिरचीचे काम केवळ तिखटपणा देणे हे नाही. एकाच मिरचीची ताजी आणि वाळलेली रूपे दोन स्वतंत्र पदार्थांसारखी वापरली जातात. पोब्लानो वाळली की तिला आन्चो म्हणतात आणि पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवली की ती चिपोत्ले होते. मध्य मेक्सिकोतील पुएब्लाच्या मोलेत, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट सॉसमध्ये, आन्चो, मुलातो आणि पासिया या मिरच्या लागतात. वाहाकाच्या काळ्या मोलेला चिल्वाक्ले ही तिथल्याच एका खोऱ्यात पिकणारी मिरची हवी असते. युकातानात हाबानेरो असते, पण ती बहुधा बाजूला दिली जाते, त्यामुळे जहाल मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रांतातील कित्येक मुख्य पदार्थ मुळीच तिखट नसतात. ‘तिखट नाही, म्हणजे अस्सल नाही’ हा निकष येथेच बाद होतो.

मिरची भाजण्याची रीतही प्रांताप्रमाणे बदलते. पठारावरील स्वयंपाकिणी वाळकी मिरची तव्यावर काही सेकंदच परततात, कारण ती करपली की सॉस कडू होतो. याउलट युकातानातील काळ्या वाटणासाठी मिरच्या मुद्दाम कोळशासारख्या जाळतात आणि वाहाकाच्या चिचिलो मोलेतही जाळलेली मिरची आणि जळकी टॉर्टिया पडते. पाककृती वाचताना एखादी पायरी चुकीची वाटली, तर ती प्रांताची खूण तर नाही ना, हे आधी तपासावे.

घेवड्याची आणि पानांची ओळख लवकर पटते. दक्षिणेत आणि आखाताच्या किनाऱ्यावर काळा घेवडा चालतो, तर उत्तरेत फिकट तपकिरी, ठिपक्यांचा. काळ्या घेवड्यात पुष्कळ ठिकाणी एपासोते ही उग्र वासाची पालेभाजी पडते आणि वाहाकात त्याऐवजी भाजलेले ॲव्होकाडोचे पान पडते. तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा, पठारावर मक्याच्या कणसाच्या वाळक्या सालीत आणि दक्षिणेत बहुधा केळीच्या पानात बांधतात, तर मिचोआकानात कोरुंदा नावाचा तिकोनी तामाल मक्याच्या हिरव्या पात्यात गुंडाळतात. माशाच्या रश्शात टोमॅटोबरोबर ऑलिव्ह आणि केपर असतील, तर तो बहुधा वेराक्रूसचा समजावा, कारण स्पेनहून येणारी जहाजे शतकानुशतके त्याच बंदरात लागत असत.

पदार्थाचे वय विचारावे

प्रांत ओळखल्यानंतरचा प्रश्न काळाचा आहे. युकातानचा कोचिनीता पिबिल हा पदार्थ या दृष्टीने नीट पाहण्यासारखा आहे. जमिनीत खड्डा खणून, त्यात दगड तापवून अन्न पुरून शिजवण्याची रीत माया लोकांची आहे, आणि मांसाला लाल रंग देणारे आचियोतेचे बीही अमेरिका खंडातले आहे. मात्र डुक्कर, आंबट संत्रे आणि ज्यात ते मांस गुंडाळतात ते केळीचे पान, या तिन्ही गोष्टी स्पॅनिश विजयानंतरच मेक्सिकोत पोहोचल्या. ‘बाहेरचे काहीही नको’ अशी अट घातली, तर मेक्सिकोतील सर्वांत मानाच्या पदार्थांपैकी एक आपल्यालाच नापास करावा लागेल. पुएब्लाच्या मोलेचीही हीच स्थिती आहे, कारण त्यात मेक्सिकोची मिरची, टोमॅटो आणि कोको आहे, तसेच समुद्रापारचे तीळ, दालचिनी, लवंग आणि बदामही आहेत.

बाहेरून येणे 16 व्या शतकात थांबलेही नाही. इदाल्गो राज्यातील चांदीच्या खाणींत 19 व्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांची सारण भरलेली पेस्ट्री आज तिथे मिरची घालून पास्ते या नावाने विकली जाते. चिवावाचे प्रसिद्ध चीज 1922 पासून तिथे स्थायिक झालेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी घडवले. पुएब्लात 1930 च्या दशकात मध्यपूर्वेतून आलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजून ते गव्हाच्या पातळ भाकरीत द्यायला सुरुवात केली. मेक्सिको सिटीत त्याच पद्धतीला डुकराचे मांस, आचियोते-मिरचीचे वाटण, मक्याची लहान टॉर्टिया आणि अननस जोडले गेले आणि ताकोस अल पास्तोर तयार झाला. हा पदार्थ शंभर वर्षांचाही नाही, तरी राजधानीच्या रस्त्यावर तो उपरा आहे असे कोणी म्हणणार नाही. पदार्थ किती जुना आहे यापेक्षा एखाद्या ठिकाणच्या माणसांनी तो आपल्या रोजच्या जेवणात घेतला आहे का, हे विचारणे मला अधिक न्याय्य वाटते.

हाच नियम सीमेपलीकडेही लावावा. टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचा भाग होता, आणि मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या 1848 च्या तहानंतर आणखी मोठा प्रदेश तिथल्या रहिवाशांसह अमेरिकेकडे गेला. सीमा सरकली, माणसे घरातच राहिली. त्यांच्या स्वयंपाकातून वाढलेल्या टेक्स-मेक्स जेवणात जिऱ्याचा सढळ वापर असतो, पिवळे चीज असते आणि चिली हा मांसाचा तिखट रस्सा असतो. ते स्वतंत्र प्रांताचे जेवण म्हणून चाखावे. दोष त्या जेवणात नसून, त्याला सरसकट ‘मेक्सिकन’ म्हणून विकण्यात आणि त्यावरून वाहाका किंवा मिचोआकानबद्दल मत बनवण्यात आहे.

कशाला किती वजन द्यावे

युनेस्कोने 2010 मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मिचोआकानचे उदाहरण समोर ठेवले होते. त्या नोंदीत भर आहे तो मका, घेवडा, भोपळा आणि मिरची एकत्र पिकवण्याच्या मिल्पा पद्धतीवर, निश्तामालवर, दगडी पाट्या-खलांवर, सणांवर आणि हे ज्ञान सांभाळणाऱ्या पारंपरिक स्वयंपाकिणींवर. पाककृतींतील घटकांची शुद्ध यादी जपणे हा तिचा गाभा नाही. माझ्या मते अस्सलपणा तपासणाऱ्याने हाच क्रम ठेवावा. रीत, तिच्यामागचे पीक आणि ती जपणारी माणसे आधी पाहावीत, आणि घटकांची अचूकता त्यानंतर.

काही उत्पादनांपुरता अस्सलपणा कायद्यानेच ठरलेला आहे आणि तिथे मत देण्यास जागा नाही. टकीला या मद्याचे नाव 1974 पासून संरक्षित आहे. तिच्यासाठी आंबवलेल्या साखरेपैकी किमान 51 टक्के निळ्या अगावे या जाड, काटेरी पानांच्या वनस्पतीची हवी, आणि ती हालिस्को किंवा इतर चार राज्यांच्या ठरावीक भागांतलीच हवी. युकातान द्वीपकल्पाच्या हाबानेरोला असे संरक्षण 2010 मध्ये मिळाले. शिजवलेल्या पदार्थांसाठी असा कायदा नाही, आणि मेक्सिकन माणसांचेही आपापसांत एकमत नसते. केसादिया म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, आणि तिचे नावच चीजच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे; तरी मेक्सिको सिटीत चीज नसलेली केसादिया सर्रास मिळते, म्हणून ‘चीज घालू का?’ असे विक्रेता विचारतो. देशाच्या इतर भागांतील लोकांना ही गोष्ट अजिबात मान्य नाही. बाहेरच्या माणसाने अशा वादात निकाल देऊ नये, तर कोणते शहर काय म्हणते याची नोंद ठेवावी.

स्वतः रांधताना

पाककृती निवडताना ती कोणत्या राज्याची किंवा गावाची आहे हे ज्यात सांगितले आहे, अशीच निवडावी. ‘अस्सल मेक्सिकन सॉस’ एवढ्याच नावाने दिलेली कृती सहसा कुठलीच नसते. पोसोलेचे पाहा: हालिस्कोत तो लाल असतो, तर गेरेरोत पांढरा किंवा भोपळ्याच्या बिया आणि हिरव्या वाटणाने हिरवा, आणि तिथे तो गुरुवारी खाण्याची प्रथा आहे. दोन्ही कृतींची सरमिसळ केल्यास चव वाईट लागेलच असे नाही, परंतु ती दोन्हींपैकी एकाही ठिकाणची राहणार नाही.

घटक बदलावा लागला, तर त्याचे काम ओळखून बदलावा. आंबट संत्रे नसल्यास संत्र्याचा रस आणि लिंबाचा रस मिसळावा, कारण तिथे आंबटपणा आणि संत्र्याचा सुगंध दोन्ही हवे असतात. व्हिनेगरने केवळ पहिले मिळते. आचियोतेऐवजी तांबडी मिरचीपूड घालून रंग आणता येतो, पण मातकट चव जाते आणि नको तो तिखटपणा येतो, म्हणून आचियोते मिळाले नाही तर कोचिनीता न करता दुसरा पदार्थ निवडावा असे मी सांगेन. एपासोते नसेल, तर ते सरळ वगळावे; कोथिंबीर त्याची जागा घेत नाही. ज्या पदार्थात बदल केला, तो वाढताना प्रांताचे नाव आणि केलेला बदल दोन्ही सांगावेत, म्हणजे खाणाऱ्याच्या मनात त्या प्रांताविषयी चुकीची चव बसत नाही.

हंगामाकडेही लक्ष द्यावे. पुएब्लाची चिलेस एन नोगादा म्हणजे फळे आणि खिमा भरलेली पोब्लानो मिरची, तिच्यावर अक्रोडाचा पांढरा सॉस आणि डाळिंबाचे दाणे. 1821 मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचे सेनानी आगुस्तीन दे इतुर्बिदे यांच्यासाठी ती प्रथम केली गेली अशी आख्यायिका आहे. ती प्रामुख्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, कारण ताजा अक्रोड आणि डाळिंब तेव्हाच एकत्र येतात. मिरची फेटलेल्या अंड्यात बुडवून तळावी की तशीच ठेवावी, यावर पुएब्लातच दोन पक्ष आहेत. प्रथम करणाऱ्याने न तळलेली करावी, म्हणजे सॉसची चव स्वच्छ कळते. हंगामाबाहेर वाळके अक्रोड वापरावे लागल्यास ते रात्रभर भिजवून प्रत्येकाची साल हाताने काढावी. साल राहिली तर सॉस करडा आणि कडू होतो आणि साखर वाढवूनही तो सुधारत नाही.