नेपाळात ढिंडो खाताना

नेपाळात गेलात की मोमोवरच थांबू नका, एकदा थकाली भोजनालयात, म्हणजे नेपाळातल्या थकाली समाजाच्या पद्धतीचं जेवण मिळतं तिथे, ढिंडोची थाळी मागवा. उकळत्या पाण्यात कोदो म्हणजे नाचणीचं, किंवा फापर म्हणजे कुट्टूचं पीठ घालून घोटलेला हा घट्ट गोळा. ताजा घोटावा लागतो, म्हणून वीसेक मिनिटं थांबायची तयारी ठेवा. आला की गरम असतानाच खा. गार झाला की घट्ट होतो आणि घशाखाली उतरत नाही. खायची रीत अशी: बोटं ओली करायची, छोटा तुकडा तोडायचा, डाळीत किंवा गुंद्रुकच्या रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावत बसलात तर दाताला चिकटतो, चवही पिठूळ लागते. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. पहिल्या घासाला आंबूस वास येतो, तो खराब झाल्याचा नव्हे.

काळ्या डाळीवर तुपात जिंबूची फोडणी असते. जिंबू ही कांद्या-लसणाच्या कुळातली वनस्पती. लोणच्यातला टिमुर आपल्या कोकणी तिरफळाचा भाऊबंद. जीभ बधिर होईल, घाबरू नका. भात, डाळ, भाजी सहसा पुन्हा वाढतात, मांसाचे मात्र वेगळे पैसे लागतात. आधी विचारलेलं बरं.

यादीत ‘बफ’ दिसलं तर ते म्हशीचं मांस. शाकाहारी असाल तर मोमोची चटणी आणि सूपही विचारून घ्या, सूप बरेचदा हाडांचं असतं. भक्तपूरला मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हशीच्या दुधाचं गोड दही, चुकवू नका.