शेअरिंगमध्ये फ्लॅट देताय? लिव्ह अँड लायसन्सच्या या चुका टाळा

पुणे-मुंबईत टू-बीएचके तीन-चार मुलांना शेअरिंगमध्ये दिला की मालकाचं सगळं लक्ष भाड्याच्या आकड्यावर असतं. कागद मात्र दलाल आणेल तो. गाडी तिथेच घसरते, आणि बहुतेकांची त्याच त्याच जागी घसरते.

'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे'

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत. तिचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात ती कधीच बुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी, लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो की एक महिना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. टाळली आणि गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा त्याच कलमातलं दुसरं वाक्य जास्त भारी आहे. नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणारा माणूस जे म्हणेल तेच धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकाच्या डोक्यावर.

शेअरिंगमध्ये याचं पुढे काय होतं ते बघा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एका मुलाच्या नावाने नोटरी होते, राहतात तिघं. वर्षभराने नाव असलेला मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला जातो आणि आपल्या जागी मित्राला ठेवतो. मालकाला भाडं यूपीआयवर येत राहतं, म्हणून तोही गप्प. मग मुलीच्या लग्नासाठी फ्लॅट विकायचा ठरतो आणि राहिलेला मित्र म्हणतो, भाडं 30,000 नव्हे, 18,000 ठरलं होतं, डिपॉझिट दोन लाख दिलंय, आणि मी भाडेकरू आहे. मालकाकडे दाखवायला काय? ज्या माणसाने सही केली तो इथे नाही, आणि जो इथे आहे त्याची सही कुठेच नाही.

करार नोंदवलेला असता तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता आला असता. तिथे लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा. समोरच्याला बचावाची परवानगी समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. नोटरीवाल्याला या जवळच्या रस्त्याचा भरवसा नाही. दिवाणी दाव्याची वेळ आली तर तो किती वर्षं चालेल याची खात्री कोणी देत नाही.

आणि हे कशासाठी? महिना 30,000 भाडं, 1,00,000 परतीचं डिपॉझिट, मुदत 24 महिने धरा. एकूण भाडं 7,20,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी दोन वर्षांचे 20,000. बेरीज 7,40,000, तिच्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे 1,850 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. तिघांत वाटलं तर माणशी हजारही होत नाहीत. एवढ्यासाठी घर टांगणीला लावणाऱ्या मालकाची बाजू घ्यायची तरी कशी?

जुना नोटरी कागद हातात असेल तर त्याला ठिगळं लावू नका. आजच्या तारखेचा नवा करार करा आणि तो नोंदवा.

एकाचं नाव, बाकीचे 'मित्र'

जितके राहणार तितके लायसन्सी, म्हणजे करारात जागा वापरायची परवानगी घेणारे. प्रत्येकाचा आधार, पॅन, फोटो, अंगठा आणि सही. 'तिसरा पुढच्या आठवड्यात येतोय, नाव नंतर घालू' असं म्हणणाऱ्याला किल्लीही पुढच्या आठवड्यातच द्या. नोंदवलेल्या करारात नाव नंतर घालता येत नाही. पेनाने खाडाखोड केलेल्या प्रतीला काही किंमत नाही.

मध्येच एक जण सोडून गेला तर क्रम ठरलेला ठेवावा. जाणाऱ्याकडून जागा सोडल्याचं तारखेसह पत्र, त्याच्या वाट्याचं डिपॉझिट बँकेतून परत, किल्ली ताब्यात. मग उरलेले दोघे आणि नवा मुलगा यांचा नवा करार. नोंदणी होईपर्यंत नव्याचं सामान आत येऊ देऊ नये. दोन वर्षांत तीनदा शुल्क भरावं लागलं तरी चालेल.

करारात दोन वाक्यं हवीतच. एक, भाडं आणि नुकसान यांना सगळे लायसन्सी एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार. नाहीतर एक जण गेला की उरलेले 'आमचा वाटा दिला' म्हणून हात वर करतात. दोन, डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, ते नावानिशी. मित्राने मित्राला रोख दिलेल्या डिपॉझिटचा हिशेब मालकाच्या दारात येतो, आणि तो कधीच जुळत नाही.

अंगठा झाला म्हणजे नोंदणी झाली नाही

ऑनलाइन नोंदणीत घरी येऊन अंगठे घेतले की लोक निर्धास्त होतात. त्यानंतर दस्त दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) जातो. त्रुटी निघाली तर परत येतो. एजंट दुसऱ्या कामात, मालक समजतो झालं. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये. आणि मसुदा सहीआधी स्वतः वाचावा: फ्लॅट नंबर, विंग, मुदतीच्या तारखा, भाड्याचा आकडा. नंतर चूक सापडली की चूक दुरुस्ती पत्र, म्हणजे सगळा खटाटोप पुन्हा.

लहान पण नडणाऱ्या

मुदत 60 महिन्यांपुढे नेऊ नका, वरचा 0.25 टक्क्यांचा दर तिथपर्यंतच आहे.

मसुद्यात 'भाडेकरू' आणि 'भाडेपट्टा' हे शब्द नकोत. इंटरनेटवरचा दिल्लीचा नमुना उचलला की ते हमखास येतात.

पोलिसांना माहिती देणं हे नोंदणीपेक्षा वेगळं काम आहे. ज्या शहरात पोलीस आयुक्तांचा तसा आदेश लागू असेल, तिथे तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, तोही मालकावर. माहिती सगळ्यांची द्या, पोचपावती जपून ठेवा.

सोसायटीला आधी लेखी कळवा, कराराची प्रत द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश आहे. सेवा शुल्क 2,500 असेल तर 250. 'बॅचलर' म्हणून दोन हजार मागितले तर आदेशाचा हवाला देऊन लेखी उत्तर द्या. भांडण जिन्यात नको, कागदावर हवं.

मालक परदेशात असेल तर त्याला भाडं देणाऱ्याने कर कापून भरायचा असतो, आणि महिना 50,000 पेक्षा जास्त भाडं असेल तरच कर कापायचा, ही मर्यादा इथे लागू नाही. चार मुलांना हे आपणहून कळेल अशी अपेक्षा धरू नका. ते करारातच लिहा.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मोबाइलवर आठवण लावा. करार संपूनही भाडं घेत राहणं ही ढिलाई उद्या समोरच्याच्या वकिलाच्या कामी येते.