सापाच्या घासासाठी उंदीर मारताना

माझ्या पाळीव सापाच्या, म्हणजे बॉल पायथन जातीच्या अजगराच्या, उजव्या डोळ्यामागे एक पांढरट वण आहे. सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या टाकीत जिवंत उंदीर सोडला आणि भात उतरवायला आत गेले. परत येईपर्यंत उंदराने त्याला चावून रक्तबंबाळ केलं होतं, आणि उंदीर स्वतः कोपऱ्यात थरथरत बसला होता. त्या रात्री मला दोघांबद्दलही सारखंच अपराधी वाटलं. तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरात सापाला जिवंत भक्ष्य दिलेलं नाही. उंदीर आधी मारून, गोठवून ठेवते.

आधी दोन गोष्टी. धामण, नाग, अजगर हे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुसरं म्हणजे, कुळागरात (सुपारीच्या बागेत) किंवा माळ्यावर सापळ्यात सापडलेला उंदीर सापाला घालू नका. त्याच्या पोटात ब्रोमाडिओलोनसारखं उंदीर मारायचं औषध असू शकतं आणि ते सापालाही बाधतं. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असतेच. सापाच्या खाण्यासाठीच वाढवलेले पांढरे उंदीर आणा, चार-पाच दिवस नीट खाऊपिऊ घाला, आणि जो मलूल दिसेल तो बाजूला काढा.

आता मारण्याबद्दल. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं, पाण्यात बुडवणं, गाडीच्या धुराड्याला पिशवी लावणं, यातलं काहीही करू नका. थंडीने प्राणी शांत झोपी जातो हा समज खोटा आहे. डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं तर ते औषध मांसात उरतं आणि सापाच्या जिवावर बेततं. खायचा सोडा आणि व्हिनेगरपासून कार्बन डायऑक्साइड काढायचं डबड्यातलं यंत्र मीही एकदा केलं होतं. वायू कधी भसकन यायचा, कधी थांबायचा, आणि उंदीर तीन-चारदा उठून बसला. तो प्रकार मी पुन्हा केला नाही आणि कुणाला करू देत नाही.

मी आता कार्बन डायऑक्साइडच वापरते, पण वायू सिलिंडरमधलाच हवा, कारण त्याचा वेग आपल्या हातात राहतो. माशांच्या टाकीत हा वायू सोडायचा रेग्युलेटर बुडबुडे मोजतो, त्याचा इथे उपयोग नाही. मिनिटाला किती लिटर ते दाखवणारा फ्लो मीटर लागतो. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. सिलिंडरवर निव्वळ कार्बन डायऑक्साइड लिहिलंय ना, हे दोनदा वाचा. वेल्डिंगसाठी आर्गन मिसळलेला वायूही विकतात आणि तो उंदराला त्रास देतो.

माझी पेटी पंधरा लिटरची, पारदर्शक, झाकणाची. नळी तळाशी, आणि हवा बाहेर जायला झाकणात बारीक भोकं. पशुवैद्यकांचा नियम असा की दर मिनिटाला पेटीच्या आकाराच्या ३० ते ७० टक्के वायू आत जावा. मी सहा लिटरवर ठेवते, म्हणजे ४० टक्के. पेटी आधीपासून भरून ठेवू नका. दाट वायू नाकाडोळ्यांना झोंबतो आणि प्राणी शुद्धीवर असतानाच ते भोगतो. हळूहळू वाढत गेला तर तो आधी बेशुद्ध होतो. त्रास अगदीच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण घरी जमण्यासारख्या पद्धतींत याहून बरी मला सापडली नाही.

एकाच पिंजऱ्यातले उंदीर एकत्र ठेवा, त्यांच्याच गवतासकट, दोन किंवा तीनच. मी त्यांना आधी दहा मिनिटं पेटीत तसंच बसू देते. ते हुंगतात, दाणे उचलतात, अंग चाटायला लागतात, मग नॉब फिरवते. बाकीचे उंदीर दुसऱ्या खोलीत असावेत. प्रत्येक वेळी पेटी धुवायची, कारण घाबरलेल्याचा वास पुढच्याला कळतो. हे सगळं उघड्या व्हरांड्यात करा. हा वायू जड असल्याने बंद न्हाणीघरात खाली साचतो आणि माणसालाही घातक ठरतो. सिलिंडर खांबाला उभा बांधा.

दोन-तीन मिनिटांत ते आडवे होतात. श्वास थांबल्यावरही किमान एक मिनिट वायू चालू ठेवायचा. मी पाच ठेवते, आणि तेवढा वेळ तिथून हलत नाही. मग एकेकाला बाहेर काढून छातीवर दोन बोटं ठेवते, बुबुळाला कापसाचं टोक लावते. पापणी जराही हलली तर परत पेटीत. सगळं शांत असलं तरी लगेच फ्रीजरमध्ये नाही. अंग ताठरेपर्यंत थांबते. बेशुद्ध उंदीर फ्रीजरमध्ये जागा होणं, याहून वाईट काय असेल!

केस न आलेल्या पिलांना ही पद्धत लावू नका. साधारण दहा दिवसांपर्यंतच्या पिलांना हा वायू लवकर चढत नाही, कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यांच्यासाठी मानेची पद्धत आहे, पण ती पशुवैद्याकडून समोर बसून शिकायची. मी पिलं मारतच नाही. साप मोठा आहे, त्याला गरज नाही.

साप जिथे सर्वांत जाड आहे, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर निवडा. प्रत्येकाला वेगळी पिशवी आणि वर तारीख. फ्रीजरमध्ये खायच्या बांगड्यांच्या (मासळीच्या) शेजारी ठेवू नका. आमच्याकडे त्यासाठी छोटा वेगळा फ्रीजर आहे, आईची ती अटच होती. श्रावणात घरात मासळी बंद, तेव्हा उंदीरही मारायचे नाहीत, म्हणून त्या महिन्याची सोय मी आधीच करून ठेवते. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांनी एक पुरतो, तेव्हा दोन उंदीर बास होतात. पावसात वीज फार वेळ गेली आणि पिशवी मऊ झाली, तर ती परत गोठवू नका. टाकून द्या.

द्यायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. संध्याकाळी पिशवीसकट गरम पाण्यात, अंग चाळीस अंशांच्या आसपास कोमट होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नको, आतून फुटतो. बॉल पायथन ओठांवरच्या खळग्यांनी उष्णता ओळखतो, म्हणून डोकं जरा जास्त गरम करा. लांब चिमट्याने शेपटीकडून धरून हळू हलवा. माझ्या सापाने पहिल्या तीन वेळा तोंड फिरवलं. चौथ्या वेळी दिवा मालवून बसले, तेव्हा घेतला.